लाख नोकऱ्यांची पोच कुठे आहे?

आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मजकूर चौथ्यांदा आला. या वेळी पाठवणारा माझा सख्खा पुतण्या होता. तो डोंबिवलीला राहतो, कुर्ल्याला एका गोदामात कामाला आहे आणि वर्षातून दोनदा गावी येतो, शिमग्याला आणि गणपतीला. मजकूर असा:

“कोकणी माणसाला प्रकल्प नको, पण नोकरी हवी. एन्रॉन घालवला, स्टरलाइट घालवली, जैतापूर अडवलं, नाणार हाकललं. प्रत्येक वेळी सरकार लाखो नोकऱ्या घेऊन दारात आलं आणि आपण दार लावून घेतलं. विरोध नसता तर एकही पोरगा मुंबईला गेला नसता. आंबा-काजूवर पोट भरत नाही. आता सरकारला दोष देऊ नका.”

खाली पंचवीसेक अंगठे. त्यातली निम्मी माणसं अशा घरांतली, ज्यांच्या आईच्या हातात मी मनीऑर्डरचे पैसे मोजून दिलेत.

मी राजापूर तालुक्यात ३६ वर्षं पोस्टमन होतो. पुतण्यावर रागावून हे लिहीत नाही. त्याला गावी परत यायचंय आणि येता येत नाही, हे दुःख खरं आहे. पण ते त्याने चुकीच्या पत्त्यावर टाकलंय. म्हणून त्या मजकुरातला एकेक मुद्दा घेतो, त्याच्या क्रमाने नाही, मला सुचेल तसा.

आधी हे वाक्य: “विरोध नसता तर एकही पोरगा मुंबईला गेला नसता.”

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली आणि तेव्हापासून रत्नागिरीचा माणूस गिरणीत नि गोदीत जातो आहे. तेव्हा सिंधुदुर्गही रत्नागिरीतच होता, तो वेगळा झाला १९८१ मध्ये. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीजप्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३ चा. म्हणजे पहिल्या मोठ्या विरोधाच्या आधी सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आपली गावं रिकामी होत होती. मी १९८३ मध्ये नोकरीला लागलो. गिरण्यांचा संप आदल्या वर्षीच्या जानेवारीत सुरू झाला होता आणि माझ्या पिशवीतल्या मनीऑर्डरी आटल्या होत्या. म्हाताऱ्या बायका खळ्यात उभ्या राहून लांबूनच विचारायच्या, “काय आलं काय रे?” माझ्या वाटेवरच्या एका वाडीत १७ घरं होती आणि त्यांतल्या १४ घरांची चूल मुंबईच्या पैशांवर पेटायची. त्या वर्षी माडबनच्या कातळी सड्यावर, जिथे पुढे जैतापूरचा अणुप्रकल्प ठरला, गुरं चरत होती. नाणारला रिफायनरीचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. विरोध करण्याजोगं काही नव्हतंच, तरी पोरं गेली होती.

जनगणना पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. राज्याची लोकसंख्या वाढत असताना आपले दोन्ही जिल्हे आक्रसले. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. त्याचा अर्थ सांगायला मोठा तज्ज्ञ लागत नाही, कमावता पुरुष घरात नाही. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची होती, ती झाली नाही. आपल्या जिल्ह्यातून माणसं किती गेली हेच इतकी वर्षं कोणी मोजलेलं नाही. गेलेली माणसं मोजायची नाहीत आणि येणाऱ्या नोकऱ्यांचे आकडे मात्र सांगायचे, हे मला पटत नाही.

आता “एन्रॉन घालवला.”

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय आणि त्या मजकुरात सगळ्यात खोटं तेच आहे. एन्रॉन कोणी घालवला नाही. गुहागर तालुक्यात अंजनवेलला तो उभा राहिला, चालला आणि त्या जागी आजही उभा आहे. विरोध झाला, नक्की झाला. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळी बायकांना पोलिसांनी घरांतून ओढून मारलं, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यावर अहवाल काढला. पण त्या विरोधाने प्रकल्प कायमचा थांबला नाही. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॉट वीज सुरू झाली.

मग दोन वर्षांत, मे २००१ मध्ये, तो बंद कसा पडला? वीज घेणारं सरकारी मंडळच म्हणालं की ही वीज आम्हाला परवडत नाही. करार असा होता की वीज घ्या अथवा न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचेच, आणि त्यातला मोठा भाग डॉलरच्या भावाशी बांधलेला. इंधन नाफ्था, त्याचा भाव चढला. युनिटचा दर काही महिन्यांत सात रुपयांच्या पुढे गेला. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये कराराची चिरफाड करून दाखवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळं काढलं.

या करारावर सही एका सरकारने केली. दुसऱ्याने १९९५ मध्ये तो रद्द केला आणि काही महिन्यांत आणखी मोठा करून परत आणला. केंद्रातल्या १३ दिवसांच्या सरकारने १९९६ मध्ये त्या १३ दिवसांत त्याची प्रतिहमी (राज्याने पैसे न दिल्यास केंद्र देईल अशी हमी) मंजूर केली. तिसऱ्याच्या काळात वीज बंद झाली. यात वेलदूरच्या बायकांनी नेमकं काय घालवलं, हे मजकूर लिहिणाऱ्याने मला सांगावं.

गुहागरमध्ये त्या काळात ज्यांना काम लागलं होतं, चालक, खानावळवाले, गवंडी, पहारेकरी, त्यांचं काम गेलं ते करारामुळे. कर्ज काढून ट्रॅक्टर-जीप घेतलेली माणसं अडकली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून नवी कंपनी काढली, रत्नागिरी गॅस अँड पॉवर. २०१३ मध्ये देशी गॅस आटला तसा प्रकल्प पुन्हा थंड झाला. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज द्यायला लागल्यावर तो पुन्हा अंशतः हलला. दर वळणावर निर्णय मुंबईत नाहीतर दिल्लीत झाला. भोगलं गुहागरने, आणि आता दोषही गुहागरच्याच नावावर.

स्टरलाइटचं मात्र मान्य करतो. ती रत्नागिरीने घालवली. १९९३-९४ मध्ये तांबं वितळवण्याचा कारखाना रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहत होता, लोक रस्त्यावर उतरले आणि काम थांबलं. कारखाना तमिळनाडूत तुतीकोरीनला गेला. तिथे २२ मे २०१८ ला प्रदूषणाविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १३ माणसं मेली. त्यानंतर राज्य सरकारने कारखान्याला टाळं ठोकलं आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते टाळं कायम ठेवलं. रत्नागिरीने तेव्हा जे ओळखलं ते चूक होतं, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

जैतापूर. “अडवलं” म्हणतात. जमीन कधीच सरकारच्या ताब्यात आहे, माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे इथली ९३८ हेक्टर. भिंत बांधून झाली. बहुतेक खातेदारांनी मोबदलाही उचलला. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला गोळीबार झाला, एकाचा जीव गेला, आणि त्यानंतर जमिनीच्या बाबतीत अडवण्यासारखं फार काही उरलं नाही. तरी १६५० मेगावॉटच्या सहापैकी एकही अणुभट्टी उभी का राहिली नाही? फ्रान्सची अरेवा कंपनी आर्थिक गर्तेत गेली, तिचा अणुभट्ट्यांचा धंदा ईडीएफ या फ्रान्सच्याच सरकारी वीजकंपनीने घेतला, अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची यावर भारताच्या २०१० च्या कायद्यावरून वर्षानुवर्षं घोळ चालला, आणि विजेचा दर ठरेना. ईडीएफने आपला बांधील प्रस्ताव दिला तो एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे दोन देशांतल्या करारानंतर दहा वर्षांनी. याच जातीची अणुभट्टी खुद्द फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली, तिची वीज जाळ्यात आली डिसेंबर २०२४ मध्ये. तिथे काय माडबनचे लोक आडवे पडले होते?

नाणारबद्दल थोडक्यात. तीन सरकारी तेल कंपन्यांनी २०१७ मध्ये संयुक्त कंपनी काढली, वर्षाला ६ कोटी टन क्षमता, ३ लाख कोटी रुपये खर्च, १ लाखाहून जास्त रोजगार असं सांगितलं. विरोध झाला. २०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर युतीच्या बोलण्यांत भूसंपादन रद्द झालं. ज्या पक्षाने ते रद्द करवून घेतलं, त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी जानेवारी २०२२ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये पोलिसांच्या बंदोबस्तात बारसूच्या सड्यावर मातीपरीक्षणाची भोकं पाडली गेली. तो सडा कातळशिल्पांचा आहे आणि ती शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ मध्येच गेली होती. यात लोकांचा विरोध सुरुवातीपासून एकाच जागी होता. सरकारची भूमिका तेवढी फिरत राहिली.

आणि त्या एक लाखाचा साधा भागाकार करून पाहा. ३ लाख कोटी भागिले १ लाख, म्हणजे एका रोजगारामागे ३ कोटी रुपये. तेही प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष, बांधकामाच्या काळातले आणि नंतरचे, सगळे एकाच पोत्यात भरून. इतक्या भांडवलाचा उद्योग माणसं थोडी नि यंत्रं जास्त वापरतो, हे त्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. मग ज्या सरकारला कोकणात रोजगार द्यायचाय त्याने दरवेळी नेमका हाच उद्योग का निवडावा, हा प्रश्न मजकुरात कुठेच नाही.

दुसरंही एक त्यात नाही. जाहीर झालेल्या आकड्यातून मोडणारा रोजगार कधी वजा होत नाही. लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत कोकणाने अडवली नाही, ती आली. तिच्यात नोकऱ्याही लागल्या, हे खरं आहे. पण तिचं सांडपाणी दाभोळ खाडीत उतरलं आणि खाडीच्या दोन्ही काठांवरच्या भोई-कोळ्यांची जाळी रिकामी यायला लागली. मेलेल्या माशांचा खच वर येतो तेव्हा दोन दिवस बातमी होते. त्या मच्छीमारांचं काम गेलं, ते कुठल्या वहीत नोंदलंय? साखरी नाट्याचा मच्छीमार किंवा देवगडचा बागायतदार विरोध करतो तेव्हा तोही रोजगारच वाचवत असतो. फक्त त्याच्या रोजगाराला भरतीची जाहिरात नसते.

आता मजकुरातलं मुख्य वाक्य. “सरकार लाखो नोकऱ्या घेऊन दारात आलं.”

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असायची, पोच. पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा त्या पट्टीवर घेऊन ती फाडायची आणि पाठवणाऱ्याकडे परत धाडायची. ५० रुपयांची मनीऑर्डर असली तरी पोच चुकायची नाही. चुकली तर आम्हाला जाब विचारला जायचा, चौकशी लागायची, पगारातून पैसे कापले जायचे. मला तीच सवय आहे. कोणी म्हणालं “एवढे पाठवले”, की मी पोच मागतो.

राज्याच्या २०१३ च्या औद्योगिक धोरणाने २० लाख रोजगारांचं उद्दिष्ट ठेवलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताह झाला, राज्याने २,५९४ करार केले आणि ३० लाख रोजगार सांगितले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ ही गुंतवणूकदारांची परिषद झाली, ४,१०६ करार, १२ लाख १० हजार कोटींची गुंतवणूक, ३६ लाख ७७ हजार रोजगार. २०१९ च्या नव्या औद्योगिक धोरणाने २०२३-२४ पर्यंत ४० लाख रोजगारांचं लक्ष्य ठेवलं. जानेवारी २०२५ मध्ये दावोसहून १५ लाख ७० हजार कोटींचे करार आणि सुमारे १६ लाख रोजगार जाहीर झाले. सत्तेत या काळात जवळपास सगळेच पक्ष येऊन गेले, म्हणून मी हे कोणा एकाविरुद्ध म्हणत नाही.

बेरीज १ कोटी ४० लाखांच्या वर जाते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या, तान्ह्या मुलांपासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत, २०११ मध्ये २४ लाख ६४ हजार होती. हे आकडे एकमेकांत मिसळलेले असतील, एकच करार दोनदा मोजला गेला असेल, हे मला समजतं. मग ते वेगळे करून दाखवणं कोणाचं काम? लोकांना सांगताना प्रत्येक आकडा नवा म्हणून सांगितला जातो. २०२३-२४ उलटून गेलं. त्या वर्षीच्या ३१ मार्चला कोणी उभं राहून म्हणायला हवं होतं की ४० लाखांतले इतके झाले, इतके राहिले, आणि राहिले ते या कारणाने.

मी स्वतः एकदा माहिती अधिकारात अर्ज केला. एका कार्यालयाला विचारलं की मागच्या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्यासाठी झालेल्या सामंजस्य करारांतून किती जणांना कायम काम लागलं, तालुकावार सांगा. उत्तर आलं की अशी माहिती या कार्यालयाकडे संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. हे उत्तर मी तीन वेळा वाचलं. करार करताना रोजगाराचा आकडा दहा-वीसपर्यंत नेमका असतो, आणि मोजायची वेळ येते तेव्हा मोजणारा कोणी नसतो.

सामंजस्य करार म्हणजे नोकरी नव्हे, हे आपल्या पोरांनाही कळायला हवं. तो बांधील नसतो. कंपनीने जमीन घेतली नाही, यंत्रं आणली नाहीत, तरी तिला कोणी विचारू शकत नाही. पण ज्या कंपन्या खरोखर येतात आणि सरकारच्या प्रोत्साहन योजनेतून कराचा परतावा घेतात, त्यांना विचारायचा पूर्ण हक्क आहे. त्यांच्यावर ८० टक्के स्थानिक माणसं घेण्याची अट आहे. इथे एक गोम आहे. त्या अटीत ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. ज्याची जमीन गेली तो राजापूरचा पोरगा आणि नागपूर-नाशिकचा पोरगा त्या अटीत सारखेच. त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही, पण “स्थानिकांना नोकऱ्या” असं राजापूरच्या सभेत सांगताना हा अर्थ सांगत नाहीत.

मोजणं अवघड आहे असंही नाही. परतावा देताना सरकार कंपनीकडून कागद घेतंच. भविष्यनिर्वाह निधीत किती जणांच्या नावाने पैसे भरले जातात हे कंपनीला दर महिन्याला कळवावंच लागतं. त्या नावांपुढे तालुका लिहायचा, कंत्राटी किती, कायम किती हे दोन रकाने काढायचे, आणि वर्षातून एकदा तो तक्ता तहसील कार्यालयाच्या फळ्यावर लावायचा. पोच म्हणतो ती एवढीच.

शिवाय सरकारच्या स्वतःच्या नोकऱ्या आहेत. २०१८ मध्ये ७२ हजार पदांची महाभरती जाहीर झाली, २०२२ मध्ये ७५ हजारांची. आमच्या भागात एकशिक्षकी शाळा आहेत. परिचारिकेची जागा रिकामी म्हणून उपकेंद्राला कुलूप असतं. दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ २०१२ पासून दरवर्षी राज्यात पहिलं येतं. त्या शिकलेल्या मुलींना आपल्याच तालुक्यात परिचारिका, शिक्षिका, तलाठी म्हणून नेमायला कोणत्या गावाने विरोध केला असता?

“आपण दार लावून घेतलं.” यावर मला दोनच गोष्टी सांगायच्यात, दोन्ही आपल्या दारावरून जाणाऱ्या.

कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झालं. मधू दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, महामंडळाच्या प्रमुखपदी ई. श्रीधरन. हजारो खातेदारांनी जमिनी दिल्या, त्यात आमचंही एक कलमांचं टेपाड गेलं. माझ्या वडिलांनी भूसंपादनाच्या कागदावर सही केली ती रडत नव्हे, अभिमानाने. नव्वदीच्या वर बोगदे खोदून सातशे किलोमीटरहून लांब मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला. साडेसात वर्षांत. त्या कामाची तारीख ठरलेली होती आणि तारीख चुकली तर कोणाला विचारायचं हेही ठरलेलं होतं.

आणि मुंबई-गोवा महामार्ग. पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. हा रस्ता नको म्हणून कोकणात कोणी मोर्चा काढला नाही. लोक उच्च न्यायालयात गेले ते रस्ता लवकर करा म्हणून. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटीसकट वाहून गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. माझा पुतण्या दर गणपतीला या रस्त्याने येतो, माणगावला चार-चार तास अडकतो आणि अडकलेल्या गाडीतून ग्रुपवर फोटो टाकतो. ज्याला कोणाचाच विरोध नव्हता ते काम दहा वर्षांच्या वर रखडलं. ते कोणी अडवलं, हे त्याने त्या मजकुराखाली लिहून दाखवावं. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे २०१६ च्या अर्थसंकल्पात मंजूर झाली, चिपळूण-कराडची घोषणा त्याच सुमाराची. यांपैकी एकाही मार्गावर अजून गाडी धावलेली नाही. हे मार्ग झाले असते तर घाटावरचा माल आपल्या बंदरांत उतरला असता, आणि त्या कामाला रत्नागिरी-सिंधुदुर्गातली पोरं लागली असती.

राहिलं “आंबा-काजूवर पोट भरत नाही.”

१९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली. खड्डा, कलम, मजुरी यांचा खर्च सरकारने उचलला. मी सायकल ढकलत ज्या उघड्या सड्यांवरून जायचो तिथे दहा-पंधरा वर्षांत हापूस आणि काजू उभा राहिला. मोहर-फवारणीपासून पेटी भरेपर्यंत माणसं लागतात. आज हंगामात नेपाळहून गुरखे बागा राखायला येतात, कारण आपल्याकडे हात पुरत नाहीत. सरकारी धोरणाने कोकणात रोजगार होऊ शकतो याचा हा पुरावा डोळ्यांसमोर आहे. त्याला ना ३ कोटींचं भांडवल लागलं, ना लाठीमार.

त्यापुढचा भाग मात्र अर्धवट राहिला. काजूची बी आपली, पण कारखान्यांत आफ्रिकेची स्वस्त बी येते आणि आपल्या बीचा भाव पडतो. बोंडं झाडाखाली कुजतात. शेजारच्या गोव्यात सरकार काजू-बीला आधारभाव देतं. आपल्याकडे २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात काजू फळ विकास योजना जाहीर झाली, पाच वर्षांत १,३२५ कोटी रुपये. त्याआधी ‘चांदा ते बांदा’ २०१६ मध्ये सुरू होऊन २०२० मध्ये बंद झाली, मग २०२२ मध्ये ‘सिंधुरत्न समृद्ध’ आली, तीन वर्षांसाठी ३०० कोटी. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०१६ च्या पर्यटन धोरणाने २०२५ पर्यंत राज्यात १० लाख नवे रोजगार म्हटलं होतं, आणि ते वर्ष उजाडण्याआधीच २०२४ चं नवं धोरण १८ लाखांचा आकडा घेऊन आलं. चिपीला विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, तिथल्या विमानांचा नेम लागत नाही. योजनेचं नाव बदललं की जुन्या योजनेच्या हिशेबाची पाटी पुसली जाते, हे मी या एका जिल्ह्यात इतक्यांदा पाहिलंय की आता गप्प बसवत नाही.

आंबा-काजूवर प्रत्येकाचं पोट भरेल असं मीही म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या मुलाला पुण्याला जावं लागलं. कारखाने हवेत, बंदरं हवीत. दिघीच्या औद्योगिक क्षेत्राला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, ६ हजार एकरांवर जागा आणि एक लाखाहून जास्त रोजगार सांगितलेत. चांगली गोष्ट आहे. पण या वेळी मोजणी पहिल्या दिवसापासून व्हावी, रोहा-माणगावच्या तहसीलच्या फळ्यावर, दर वर्षी.

“आता सरकारला दोष देऊ नका,” असं मजकूर संपताना म्हटलंय. दोष देण्याचा हा प्रश्न नाही. ज्याने आकडा सांगितला त्याने हिशेब द्यायचा, एवढंच.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडणार आहे. तीन ओळींचा आहे. आमच्या तालुक्याच्या नावाने २०१३ पासून जाहीर झालेले प्रकल्प आणि योजना, प्रत्येकापुढे सांगितलेले रोजगार आणि प्रत्यक्ष लागलेले रोजगार, असा तक्ता जिल्हा नियोजन समितीने दर वर्षी १ मेच्या ग्रामसभेपुढे ठेवावा. ठरावाचा कागद मी ग्रुपवर टाकलाय. माझ्या पुतण्याचं नाव डोंबिवलीच्या मतदार यादीत आहे, त्यामुळे त्याला इथे हात वर करता येणार नाही. मी त्याला फोन करून सांगितलंय की तुझ्या आईचं नाव यादीत आहे, तिला त्या दिवशी सकाळी दहाला शाळेत पाठव, मी रिक्षा सांगून ठेवतो.